आतल्या बाजूची बोटं

१

आमच्या वर्कशॉपमध्ये दिवसाची सुरुवात भांडणाने होते. आत्या म्हणते, खिडक्या बंद ठेव, माती सुकते. मी म्हणते, उघड्या ठेव, मी गुदमरते. शेवटी एक खिडकी अर्धी उघडी राहते आणि दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटतं.

आत्या चिनी मातीचे दिवे करते. छताला टांगायचे, एकेक भोपळ्याएवढा. एकही दुसऱ्यासारखा नाही. कुठला पाठ वाकवून बसलेल्या माणसासारखा, कुठला गाल फुगवून रुसलेला. आधी ती नुसतं पोट घडवते, वरून उघडं. मग त्यावर ओलं फडकं टाकते, म्हणजे काठ सुकत नाहीत, आणि फडक्याखालून उजवा हात आत घालते. डाव्या हाताने बाहेरून आधार द्यायचा आणि आतून बोटांनी भिंत दाबत जायचं. दिसत काहीच नाही, सगळं चाचपून. जिथे बोट दाबलं तिथे माती पातळ होते आणि पुढे दिवा लावला की उजेड तिथूनच जास्त फुटतो. दाबून झालं की वरचा भाग वळवून तोंड निमुळतं करायचं, जेमतेम बल्ब जाईल एवढं. मग वाळवून भट्टीत.

भट्टीत चिनी माती आक्रसते. आठातला एक भाग जातो. त्यामुळे आत्याची जाडजूड बोटं तयार दिव्यात लहान मुलीच्या बोटांएवढी दिसतात. लोकांना ते फार गोड वाटतं. "कोणाच्या मुलीने केलंय?" असं विचारतात आणि आत्या साठीच्या वयात लाजते.

मी डिझाइन शिकून आले तेव्हापासून तिला एकच गोष्ट सांगतेय. साचा कर. एका दिव्याला अख्खा दिवस लावण्यात कसली कला, तो नुसता वेळकाढूपणा.

"तुझ्या कॉलेजात हात शिकवत नाहीत वाटतं," आत्या म्हणते. "नुसती तोंडं शिकवतात."

२

गावातल्या नव्या वाचनालयाचं काम मी मिळवलं. मी, एकटीने. वाचनकक्षासाठी बारा दिवे, उद्घाटनाच्या आधी. ग्रंथपालबाईंना आत्याचा एक जुना दिवा दाखवला, त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बारा द्या." बाबांनी एव्हाना माझ्यासाठी त्यांच्या मित्राच्या ऑफिसात खुर्ची बघून ठेवली होती. आत्याने भर जेवणात त्यांना सांगितलं, "बारा दिवे वेळेवर लागले तर वर्कशॉपच्या पाटीवर माझ्या नावाशेजारी हिचं नाव. नाही लागले तर घेऊन जा तुझ्या खुर्चीवर."

बाबा म्हणाले, "ठरलं." मला कोणी विचारलंच नाही. आमच्या घरी मोठी माणसं अशीच बोलतात, तुमच्याबद्दल, तुमच्यासमोर, तुम्ही फुलदाणी असल्यासारखी.

आणि पाचव्या दिवशी, काम सुरू व्हायच्या आधीच, आत्या ओल्या फरशीवर घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

"बाईंना फोन कर," ती कण्हत म्हणाली. "जमणार नाही म्हणून सांग."

"मुळीच नाही. साचा करते."

"आत बोटं नाहीत तर तो दिवा नव्हे, भांडं आहे नुसतं."

"बोटं कोण बघतंय? आकार बघतात लोक."

"कर," आत्या म्हणाली. "तुझं तोंड बंद करायला तेवढंच कारण मिळेल मला."

मी आत्याच्याच दिव्यावरून साचा घेतला. आक्रसणं साफ विसरले. पहिला नमुना भट्टीतून निघाला तो असा खुजा की आत्याने प्लास्टरचा हात टेबलावर आपटून आपटून हसून घेतलं. मग मी आक्रसण्याच्या हिशेबाने मोठा, भरीव, गुळगुळीत नमुना घासून काढला आणि त्यावरून प्लास्टरचा, दोन तुकड्यांचा नवा साचा केला. घरात एक प्लास्टर आत्याच्या हाताला आणि एक माझ्या दिव्याला. दोन्ही जड, दोन्ही कुरकुरणारे.

साच्याचं काम सोपं असतं. माती पाण्यात कालवून सायीसारखी करायची आणि साच्यात ओतायची. प्लास्टर पाणी पितं, मातीचा थर भिंतीला धरतो. वीस मिनिटांनी उरलेली माती ओतून टाकायची आणि दोन तासांनी साचा उघडायचा. आत सुबक पोकळ दिवा. तोंड निमुळतंच, त्यात माझी दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत जातात, पुढे नाही. म्हणजे आतल्या बाजूला कोणाचाच हात लागत नाही. तीच तर त्यातली मजा.

असे सहा झाले. वाळले, भट्टीत गेले, निघाले. पांढरेशुभ्र, मापात. आत्या बघायलासुद्धा आली नाही.

३

वायरमनला आम्ही झटका म्हणतो. त्यालाही ते नाव आवडतं. तो होल्डर घेऊन आला, चहा प्यायला, आणि पहिल्या दिव्यात होल्डर बसवताना थांबला.

"ताई, हा बसत नाही. आतून कोणीतरी ढकलतंय."

"तुमची स्प्रिंग वाकडी असेल."

"स्प्रिंगच नाही याला," तो हसत म्हणाला. जोर लावला, बसला होल्डर. "घ्या. ऐकलं शेवटी."

मी खिडक्यांवर काळं कापड ओढलं आणि बटण दाबलं.

दिवा छान लागला. दुधासारखा उजेड. आणि त्याच्या पोटावर, डाव्या अंगाला, चार उजळ ठिपके आणि खाली तिरका पाचवा.

"वा!" झटका म्हणाला. "मावशींची बोटं! प्लास्टरमध्ये असूनही काम चालूच?"

मी पण हसले. मग मनातल्या मनात कारणांची यादी करायला लागले. माती नीट ढवळली नसेल, थर कमीजास्त धरला असेल, हवेचे बुडबुडे. बुडबुडे पाच असू शकतात. ते चार आणि एक अशा बेताने बसू शकतात. मी पदवीधर आहे, मला शक्यता म्हणजे काय ते कळतं.

"दुसरा लावा," मी म्हणाले.

दुसऱ्यावर दहा होते.

सहाही दिवे लागले तेव्हा झटका खुर्चीवर बसून मनापासून टाळ्या वाजवत होता. सहाही निराळे. एकावर बोटं ओळीने वर चढत गेलेली, एकावर अख्खा तळवा. आणि सगळ्यांचा उजेड आत्याच्या दिव्यांसारखा. खोटं कशाला बोलू, त्याहून चांगला.

तो गेल्यावर मी पट्टी घेतली. आत्याच्या जुन्या दिव्यावरचे ठसे मोजले. चौदा मिलिमीटर, आक्रसून गेलेले, बाहुलीचे. नव्यांवरचे मोजले. एकोणीस.

मी पट्टी पुसून पुन्हा मोजलं. एकोणीस. बोट आक्रसलंच नव्हतं. म्हणजे एक तर दाबणाऱ्याची बोटं आत्याहून कितीतरी मोठी, नाहीतर ती भट्टीनंतर दाबलेली. भट्टीनंतरची चिनी माती दाबायची म्हणजे बशीवर अंगठा उमटवायचा.

मी दिवे बंद केले. मग परत लावले, कारण बंद असताना ते जास्त वाईट वाटत होते.

४

आत्याला बोलावलं. ती प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, चपला फटफटवत आली. सहा दिव्यांखालून सावकाश फिरली. मी तिचा चेहरा वाचायला टपून बसले होते. भीती नाही, आश्चर्य नाही. तिचा चेहरा शेजारणीची रांगोळी आपल्यापेक्षा सरळ आलेली बघून होतो तसा झाला.

"डावं अंग बघ," ती म्हणाली. "तिथे मी नेहमी जास्त दाबते. चिरतं मग. हे किती बेताने दाबलंय."

"आत्या, कोणी दाबलंय?"

"मला काय विचारतेस? साचा तुझा."

"साच्यात हात जात नाही!"

"मग नसेल गेला." तिने डाव्या हाताची बोटं एका ठशावर टेकवून पाहिली. तिचं बोट त्यात हरवलं. तिने ते पटकन काढून पदराला पुसलं. "अजून सहा राहिलेत ना? माती ढवळ. नुसती उभी काय राहिलीस?"

"तू तरी नीट उत्तर दे ना एकदा आयुष्यात!"

"जे येत नाही ते कसं देऊ?" ती दारात वळली. "एक कर. साचा वेळेआधी उघडू नकोस."

"का?"

"माती बसते खाली म्हणून. एवढं तर शिकवलं असेल तुझ्या कॉलेजात."

मोठ्या माणसांची ही एक युक्ती असते. खरं कारण आणि खोटं कारण अगदी एकाच आवाजात सांगतात.

५

सातव्या दिव्यापासून मी साच्यासमोर स्टूल टाकून बसायला लागले. भर दुपार, खिडकी अर्धी उघडी, समोरच्या इमारतीत कोणीतरी पियानोचा एकच धडा घोटत होतं. माती ओतली, वीस मिनिटं मोजली, उरलेली ओतून टाकली, साचा उलटा करून निथळायला ठेवला, पुन्हा सरळ केला. त्याच्या तोंडावर बशी झाकली. बशीवर वीट.

अर्ध्या तासाने आवाज आला. चप्. थोड्या वेळाने परत. चप्, चप्. ओल्या मातीवर बोटाचं टोक टेकून उचललं की येतो तो. लहानपणापासून मी हा आवाज आत्याच्या बाजूला बसून ऐकत आले आहे. माझ्या झोपेचा आवाज आहे तो. त्यामुळे पहिली काही मिनिटं मी घाबरलेच नाही, उलट जांभई आली. मग मागे वळून पाहिलं, तर आत्या अंगणात खुर्चीवर, डाव्या हाताने पेपर धरून, तोंड उघडं टाकून घोरत होती.

मी बशीवर कान ठेवला. आवाज थांबला. कान काढला. चप्.

"प्लास्टर पाणी पितंय," मी मोठ्याने म्हणाले. वर्कशॉपमध्ये कोणी नव्हतं, तरी समजावण्याच्या सुरात म्हणाले.

असे सातवा, आठवा, नववा, दहावा, अकरावा. रोज एक. मला सवय झाली हे सांगायला लाज वाटते. मी तिथे बसून डबा खायचे, मैत्रिणीशी फोनवर बोलायचे. ती विचारायची, "मागे कसला आवाज?" मी म्हणायचे, "काम चाललंय." खोटं नव्हतं ते. नवे पाच दिवे फळीवर ओळीने वाळत होते आणि पाटीवरची माझ्या नावाची अक्षरं कुठल्या रंगात हवीत यावर आत्याशी दोनदा कडाक्याचं भांडण झालं होतं.

बाराव्या दिव्याच्या वेळी मात्र माझ्याने राहवेना. सगळ्यांनी मला आयुष्यभर "मोठी झालीस की कळेल" एवढंच सांगितलंय. एकदा तरी मला वेळेआधी बघायचं होतं.

आवाज चालू होता. मी वीट उचलली, बशी काढली, साचा आवळणारा पट्टा सोडला आणि साच्याचा वरचा तुकडा उचलला.

दिव्याचं पोट समोर होतं. ओलं, मऊ, साबणासारखं चकाकणारं. आणि त्याच्या भिंतीला आतून चार टेंगळं आली. शेजारी शेजारी. फुगली, थोडी पुढे सरकली, माझ्याकडे. थांबली. तोंडावरचं पांघरूण कोणी ओढल्यावर माणूस थांबतं ना, तशी. मग सावकाश आत गेली.

माझ्या हातातला तुकडा सुटला. फरशीवर पडून त्याचे तीन झाले. दिवा हळूहळू खाली बसला, पिठाच्या पिशवीसारखा. त्याच्या आत काही नव्हतं. मी लाकडी कालथ्याने तो सगळा उलटापालटा करून पाहिला. माती होती, फक्त माती.

आत्या दारात उभी होती. ती ओरडेल म्हणून मी आधीच ओरडायला तोंड उघडलं.

"अकरा झालेत," ती शांतपणे म्हणाली. "बारावा हाताने कर."

६

नवा साचा करून तो पुरता वाळायला आठवडा. दिवा वाळायला सहा दिवस, भट्टीचे दोन. कसंही मोजलं तरी ती दुपार हीच शेवटची संधी होती. बाईंना अकरा दिले असते तर? मी विचारून पाहिलं. फोनवर त्या म्हणाल्या, "बाळ, बारा टेबलं आहेत. एका टेबलावर अंधार ठेवू का?"

म्हणून मी आत्याच्या स्टूलवर बसले. समोर माती. आत्या बाजूला, प्लास्टरचा हात सेनापतीसारखा पुढे.

"अंगठा मोकळा ठेव. मोकळा! मुठीत काय धरलंयस, बसचं तिकीट?"

"तू बोलू नकोस, मला कळत नाही मग."

"मी नाही बोलले तर तुला काय कळणार?"

"आत्या, बाहेर जा."

"जाते. माझी काही हौस नाही." पण गेली नाही. पोट उभं राहीपर्यंत माझ्या मानेवर श्वास टाकत राहिली. पोट चांगलं झालं. चांगलं म्हणजे तिरकं, पण मुद्दाम केल्यासारखं तिरकं. आत्या "हं" म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने माझ्या कामाला दिलेलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. तेवढ्यात अंगणात तिचा फोन वाजला आणि ती चपला फटफटवत बाहेर गेली.

मी ओलं फडकं टाकलं. त्याखालून उजवा हात आत घातला. डावा बाहेरून.

आत गार होतं. मी पहिलं बोट दाबलं. भिंत दबली, जरा जास्तच. दुसरं दाबलं, ते कमी. वाटलं होतं त्याहून कितीतरी अवघड होतं ते. नजर नसली की हाताला वाटतं पोट खोलीएवढं आहे. मी तिसरं बोट टेकवलं आणि त्यावर काहीतरी टेकलं.

आधी वाटलं फडक्याची घडी. ओली, जड, गार. मग त्या घडीने माझं बोट उचललं आणि अर्धा इंच डावीकडे ठेवलं.

देवाशपथ सांगते, पहिली भीती नाही वाटली. आधी राग आला. इथेही? मातीच्या पोटातसुद्धा "असं नाही, असं" म्हणायला कोणीतरी मोठं माणूस बसलेलंच? मी हट्टाने बोट परत उजवीकडे नेलं. ते परत डावीकडे नेलं गेलं. न चिडता, न घाई करता. आणि बेताने दाबलं गेलं. माझ्या बाहेरच्या हाताला भिंत कळत होती. इतकी एकसारखी पातळ भिंत आमच्या वर्कशॉपमध्ये कधी झाली नव्हती.

भीती तेव्हा आली. सावकाश, पायांकडून.

मी फडक्याकडे पाहिलं. ते भिजून आत लोंबलं होतं आणि माझ्या हाताच्या पाठीला चिकटलं होतं. कापडाखाली माझ्या बोटांच्या सांध्यांचे चार उंचवटे दिसत होते. त्यांच्यामधल्या तीन फटींत आणखी तीन होते. माझ्याहून मोठे.

फडकं उचलायला डावा हात हवा होता. डावा काढला असता तर पोट आडवं झालं असतं. उजवा ओढला असता तर कदाचित सुटला असता, पण ओल्या कागदाएवढ्या झालेल्या त्या भिंती त्याच्याबरोबर फाटून आल्या असत्या. बारावं टेबल, पाटी, सगळं एका झटक्यात, आणि मग बाबांची ती खुर्ची. मी तिथेच बसून राहिले. हात हलत होता. मी हलवत नव्हते. बोटं एकेक करून वर चढत होती, चप्, चप्, पोटाला वळसा घालत. खरं सांगायचं तर सुरेख चाललं होतं. डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं निम्मं भीतीचं होतं. उरलेलं कशाचं होतं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

वळसा पुरा झाला. मी हात किंचित मागे घेऊन पाहिला. मनगटाभोवती पकड आली, आणि किंचित घट्ट झाली.

आत्या दारात आली, फोन कानाला. "बाई विचारतायत, बारा नक्की ना?"

"नक्की सांग." माझा आवाज ठीक आला.

"मग काढ हात बाहेर. तोंड वळव, काठ सुकतील."

"काढते," मी म्हणाले. "त्यांचं होऊ दे."

कोणाचं, असं आत्याने विचारलं नाही. तिने एकदा फडक्याकडे पाहिलं. फोनमध्ये म्हणाली, "हो बाई, बाराचे बारा," आणि बाहेर जाताना दार हळूच ओढून घेतलं.